पार्किंगचं मशीन आणि गाडीतले अप्पा

माझ्या सासऱ्यांना बीदरमध्ये गाडीसकट उचलून नेलं, आणि त्याला कारण माझी उंची.

अप्पांचा चष्मा बदलायचा होता, म्हणून बसवकल्याणहून मीच गाडी चालवत नेली. बाजारात पोचलो तेव्हा अप्पा मागच्या सीटवर आडवे होऊन घोरत होते. दुकानात किती गर्दी आहे ते बघून मग त्यांना उठवावं, असं ठरवून मी पडदे ओढले, काचा थोड्या खाली केल्या आणि उतरले.

तिथं पार्किंगचं नवं मशीन बसवलं होतं. कुणाच्या मापानं, कोण जाणे (बहुतेक उंटाच्या). स्क्रीन माझ्या डोक्याच्या वर, आणि त्यावर ऊन असं पडलेलं की अक्षर दिसेना. मी टाचा उंचावल्या. शेवटी उडी मारून हिरवं बटन दाबलं. मशीनमधली बाई इंग्रजीत काहीतरी गोड बोलली, म्हणजे काम झालं असं मी धरलं. (ते बटन 'रद्द'चं होतं! रद्दचं बटन हिरवं कामून ठेवतात, हे मला अजून कळलेलं नाही.)

परत आले तर गाडीची जागा रिकामी. समोरच्या बांगड्यांच्या दुकानातल्या अक्का शांतपणे म्हणाल्या, "आत्ताच उचलून नेली बघ."

"अक्का, आत माझे सासरे हायत."

अक्कांच्या हातातला बांगड्यांचा डबाच खाली पडला.

रिक्षात बसून नवऱ्याला काय सांगायचं याची वाक्यं जुळवली. एकही धड जुळलं नाही. उचललेल्या गाड्यांच्या आवारात पोचले, तर तिथले साहेब आमच्या गाडीशेजारी घाम पुसत उभे होते. पडद्याआडून डोकं काढून अप्पा त्यांना चष्म्याचं दुकान विचारत होते.

मला बघून अप्पा म्हणाले, "तू खाली कवा उतरलीस? आज लई चांगली चालवलीस गाडी. एक धक्का न्हाई बसला."

साहेबांना दंडाचं भानच राहिलं नाही. मशीनपाशी नेमकं काय झालं, ते त्यांनी विचारलं. मी उडी मारून दाखवली. सगळा स्टाफ भिंतीकडं बघू लागला.

पुढच्या खेपेला गेलो तर मशीन खाली आलेलं, वर सावलीला पत्रा, बटनं मोठी आणि रद्दचं लाल. माझ्या पुढचे गृहस्थ चाकाच्या खुर्चीत बसूनच पावती घेऊन गेले. मशीन आता कुणालाही जमतं.

तरी मी बटनाकडं हात नेला, की अप्पा आधी गाडीतून उतरून फुटपाथवर उभे राहतात.