आटोबाचा फाटका कान

भूतबित मी मानत नाही, आधीच सांगते. कुणाच्या अंगात आलं की मला हसू येतं. त्यावरून सासरी बोलणीही खाल्ली आहेत. तरी हे लिहितेय... कारण हे माझ्याच घरात घडलं.

सोनपेठजवळचं आमचं गाव. निजामाचं राज्य शेवटच्या घटका मोजत होतं. आमच्या गावचा देव आटोबा — मोडणारा आणि नव्यानं घडवणारा. शिमगा झाला की भर दुपारी त्याची वीतभर पितळी मूर्ती भट्टीत वितळवायची, घरटी एक वापरातलं भांडं त्यात टाकायचं आणि ओताऱ्यानं नवी मूर्ती ओतायची. नियम एकच — जो माणूस परगावी आहे, त्याचं भांडं द्यायचं नाही.

त्या वर्षी माझा नवरा रझाकारांशी लढायला सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेलेला. माणूस लय तापट. ताट भिरकावायचा, हातही उचलायचा. तरी तो जिवंत यावा म्हणून मी रोज देवापुढं दिवा लावायची. लुटीच्या भीतीनं आम्ही भांडी धान्याच्या पेवात दडवली होती. सासूबाईंनी त्या अंधारात हात घातला, हाताला लागला तो तांब्या काढला आणि दिला. भट्टीत पडताना त्यावरचं नाव दिसलं... माझ्या नवऱ्याचं.

सासूबाई भट्टीकडं झेपावल्या. "आगं माय, माझ्या लेकराचा तांब्या गेला की गं!"

साचा फोडला. दरवर्षी गुळगुळीत निघणाऱ्या देवाच्या उजव्या कानाची पाळी फाटलेली! ओतारी म्हणाला, "साच्यात आसं काईच नव्हतं, माय." नवऱ्याची उजवी पाळी लहानपणी बैलाच्या शिंगानं अशीच फाटली होती.

पोलीस ॲक्शननंतर तो घरी आला. बैलांची नावं, पेवाची जागा, सगळं त्याला ठाऊक. पण कान... अखंड. व्रणसुद्धा नाही. आवाज चढवणं तर सोडाच, "दमलीस का गं? बस जरा," म्हणाला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

सासूबाईंनी त्याच्या कानाला हात लावला, काढून घेतला आणि म्हणाल्या, "बसा, पानी आन्ते." पोटच्या लेकाला त्या मरेपर्यंत अहो-जाहोच करत राहिल्या.

पुढं माझा संसार सोन्यासारखा झाला. या सगळ्याचं लॉजिक मला आजही लागलेलं नाही. पण दुसऱ्या वर्षी तो फाटक्या कानाचा देव भट्टीत घातला, तेव्हा मला बघवेना. पाठ फिरवून मी हमसून हमसून रडले. हा माझ्या शेजारी उभा होता, आणि मी माझ्या नवऱ्यासाठी रडत होते.