भात्यातली हवा संपू देताना

आमच्या गावच्या देवळात गुरुवारच्या भजनाला गेली तीस वर्षं पेटी माझी. नोकरी पेडण्याच्या कचेरीत, पण लोक मला ओळखतात ते पेटीवाला म्हणून, आणि मला ते आवडतं. आमच्याकडे भजन संथ सुरू होतं आणि गजराला येईपर्यंत लय अशी चढते, की झांजा वाजवणाऱ्यांचे हात दिसेनासे होतात. लय चढवेल तो खरा वाजवणारा. मागे रेंगाळेल त्याला पुढच्या गुरुवारी सतरंज्या घालायला सांगतात.

अशा माणसाची तेरा वर्षांची मुलगी दर शनिवारी म्हापशाला पियानो शिकायला जाते. तिची टीचर सत्तरीची, पाठीने ताठ आणि बोलायला थोडी. आमच्या घरी पियानो नाही, पेटीच आहे. पेटीचा भाता मारण्यात एक हात अडकतो आणि पियानोला दोन्ही हात हवेत, म्हणून रोज संध्याकाळी मी पेटीच्या पलीकडे बसून भाता मारायचो आणि ती दोन्ही हातांनी वाजवायची. खालचे काही सूर पेटीत बसायचेच नाहीत. ते ती एक सप्तक वर घ्यायची. अडला हरी, दुसरं काय.

यंदा परीक्षेला तिला जी रचना होती, ती मुळात मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली, कुणीतरी पियानोसाठी बसवलेली. सूर डी मायनर, म्हणजे आमची पांढरी दोन. गंधार कोमल, धैवत कोमल. कागदावर वरच्या बाजूला एक इटालियन शब्द होता, त्याचा अर्थ सावकाश. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी म्हणालो, ही चाल आहे की आजारातून उठलेल्या माणसाचा फेरफटका? एवढ्यावर न थांबता, सूर काळी एकचा घेतला तर जास्त भरदार वाटेल, असं शहाणपण मी टीचरलाही शिकवून आलो. ती म्हणाली, "बाब, हांगा कोणूच गायना. मागीर कोणाच्या गळ्याखातीर सूर बदलतलो?" खरंच, इथे गाणारा गळाच नव्हता.

खरी अडचण लयीची होती. मध्यावर एक जागा आहे. डावा हात खाली उतरत जातो आणि वर एकच लांब सूर राहतो. तिथे आलो की माझा हात आपोआप जोरात चालायचा आणि ती त्याच्यामागे ओढली जायची.

"बाबा, माका धांवडायनाका," ती म्हणायची.

"लय चढली नाही तर ऐकणार कोण गे?" असं म्हणून मी घोडं पुढे दामटायचो.

एका शनिवारी मी बाहेर दारापुढच्या बाल्कांवात बसलो होतो, तेव्हा आतून टीचरचा आवाज आला, "कोण तुका धांवडायता गो?" मुलगी काही बोलली नाही. निघताना टीचरने मला सांगितलं, की पुढच्या दोन शनिवारांत हे सुधारलं नाही, तर या वर्षी ती तिला परीक्षेला पाठवणार नाही. पोरीने त्या परीक्षेसाठी जत्रेतली रात्रही सोडली होती. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि कोलवाळचा पूल येईपर्यंत बाहेरच बघत राहिली. मग म्हणाली, "तूं भातो मारता म्हूण हांवें टीचराक सांगूंक ना." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या शनिवारी मीच आत जाऊन सगळं कबूल केलं. टीचर रागावली नाही. तिने मला पियानोजवळ बसवलं, माझा तळवा लाकडावर ठेवला आणि ती रचना स्वतः वाजवली. त्या वयाच्या बोटांत इतका धीर मी कधी पाहिला नव्हता. त्या जागेवर आली आणि तो सूर दाबून तशीच थांबली. सूर बारीक होत गेला. पेटीवर असं झालं तर आम्हाला लाज वाटते. हवा संपू देणारा पेटीवाला कसला? माझा हात तो सूर भरून काढायला शिवशिवत होता. ती मात्र तळव्याखालचं लाकूड निपचित होईपर्यंत थांबली.

"ताका मरूंक दी, बाब," ती म्हणाली. "मागीर फुडें."

त्या संध्याकाळपासून त्या जागेवर आलो की मी भाता सोडून द्यायचो. तीस वर्षांत पहिल्यांदा मी जाणूनबुजून पेटी मुकी होऊ दिली. पेटी कण्हत बंद पडायची, मुलगी थांबायची आणि मग तिची बोटं पुढच्या सुरावर जायची. पहिले दोन दिवस आम्हाला हसू आवरेना. तिसऱ्या दिवशी हसू आलं नाही. त्या रचनेत केवढं दुःख आहे आणि ते किती शहाणपणाने मांडलंय, ते मला तेव्हा कळलं. घाईत मी ते तुडवून जात होतो. टीचरने दुसऱ्या शनिवारी ऐकलं आणि नुसती मान डोलावली.

परीक्षेच्या दिवशी पालकांना बाहेर बसवलं होतं. दार बंद, पण आवाज येत होता. ती त्या जागेपाशी आली. माझा उजवा हात गुडघ्यावर भाता मारत होता आणि मी तो थांबवला, जणू तिला माझा हात दिसत होता. आत तो सूर बारीक होत गेला. ती थांबली. आम्ही घरी थांबायचो त्याहून जास्त थांबली. एवढं थांबायला मी तिला शिकवलं नव्हतं. मग पुढचा सूर आला, सावकाश.

बाहेर आल्यावर तिने पहिलं विचारलं, "बाबा, धांवलें हांव?"

"ना गे," मी म्हणालो. तिला आता माझा भाता लागणार नाही, याचं मला वाईट वाटलं. आणि आयुष्यात कुठल्याही गजराचा वाटला नाही इतका त्या थांबण्याचा अभिमान वाटला.