ओल्या गोणपाटाआड

चाळीत तिन्हीसांजेला दिवे लागायचे तेव्हा शरणप्पांची सकाळ व्हायची. बाकीची माणसं कामावरून येऊन पाय धुवायची आणि हा माणूस त्यांच्यात दातांना राख लावत नळावर उभा असायचा. अंघोळ करायचे, कपाळाला विभूती ओढायचे, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन उंबऱ्याच्या आत पूजेला बसायचे. पूजा झाल्याशिवाय पोटात पाण्याचा घोटही जात नसे. नळावर कुणीतरी रोज टोमणा मारायचंच, "काय अप्पा, उजाडलं का?" चूळ टाकून ते म्हणायचे, "उजाडलं. तुझं मावळलं, तू जाऊन झोप." एकदा शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, ही पूजा सांजेची धरायची की सकाळची? अप्पा म्हणाले, "लिंगाला घड्याळ बांधलेलं न्हाई, मामा."

ही गुलबर्ग्यातली गोष्ट. पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन दोनेक वर्षं झाली होती. मी संतपूरचा, मेंढरामागं फिरणाऱ्या घरातला. मेंढरं राहिली नाहीत, म्हणून कापडगिरणीत सूत कातायच्या खात्यात बदली कामगार लागलो. बदलीवाल्याच्या वाट्याला कायम रातपाळी, कारण दिवसपाळी कायमच्या माणसांनी धरून ठेवलेली. शरणप्पा कायमचे होते. त्यांनी मागितली असती तर दिवसपाळी मिळाली असती. तरी ते वर्षानुवर्षं रातपाळीच करत होते. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. लोक म्हणायचे, एकटा जीव आहे, त्याला रात्र काय आणि दिवस काय.

पहिल्या आठवड्यात मी साच्यासमोर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रासमोर, उभ्या उभ्या झोपलो. खात्याचा मुकादम, जॉबर हुसेनसाब, कानाशी येऊन ओरडला, "खडे-खडे सोरा क्या बे?" मी दचकून पुढे गेलो आणि हात फिरत्या चात्यांवर पडायचा तेवढा राहिला. पलीकडच्या साच्यावरून एक उंच, वाळलेला माणूस आला. भुवयांवर कापूस बसलेला. ते शरणप्पा होते. त्यांनी माझं मनगट धरून मागे ओढलं आणि विचारलं, "काय खाऊन आलास?"

"भात."

"भात खाल्लास तर भातासारखाच पडणार. अर्धी भाकर खा, चटणी खा, आन् अर्ध्या पोटी ये."

तेव्हापासून मी त्यांच्या हाताखाली रात्र शिकलो. हो, रात्र शिकावी लागते. त्यांचं म्हणणं असं, की पहिला प्रहर कुणीही काढतो, खरं काम तीनच्या पुढं. त्या वेळी खाली बसायचं नाही, भिंतीला टेकायचं नाही. आणि एक गोष्ट त्यांनी मला निदान शंभर वेळा सांगितली असेल. "तम्मा, तीन वाजताचा माणूस आपला न्हवं. तवा मनात येतंय ते खरं धरू नको. नोकरी सोडावी वाटंल, गावाकडं पळावं वाटंल, मरावं बी वाटंल. कायबी ठरवू नको. तोंडावर पाणी मार, चार धागे सांध. भोंगा झाला की मग इचार कर." कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. मला दुसरं कुणी तसं म्हणत नव्हतं.

सकाळी सुटल्यावर ते पटका भुवयांपर्यंत ओढून, खाली मान घालून चालायचे. वाटेत कुणाशी बोलायचं नाही, चहाला थांबायचं नाही. "उजेड डोळ्यात गेला की झोप भाईर पडती," म्हणायचे. चाळीचं छत शहाबादी फरशीचं, उन्हाळ्यात तव्यासारखं तापायचं. त्यावर त्यांचा उपाय होता गोणपाट. दारावर जाड गोणपाट सोडायचं आणि त्यावर पाणी मारत राहायचं. आत अंधार होतो, गारवा येतो. पण खरी गोष्ट वेगळीच होती. ज्या दारावर ओलं गोणपाट, तिथं रातपाळीचा माणूस झोपलेला आहे, हे अख्ख्या चाळीला माहीत होतं. त्या दारापुढं पोरं खेळत नसत, भांडं आपटत नसे, कुणी हाक मारत नसे. हा कायदा अप्पांनी भांडून भांडून बसवला होता. गावच्या जत्रेची हलगीसुद्धा त्या दारांपुढून मुकी जायची.

मी एकटा होतो तोवर गोणपाटासारखं सुख नव्हतं. वर्षभरानं मी काशीला आणलं. काशी माझी बायको. संतपूरला सात माणसांच्या घरात वाढलेली, बोलताना हसणारी. तिला मी त्या खोलीत आणलं आणि दारावर गोणपाट सोडलं.

आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला काही कळत नव्हतं. मी सकाळी यायचो, भाकरी खायचो, आडवा व्हायचो. उठायचो ते सांजेला. अंघोळ, भाकरी, गिरणी. रात्री ती एकटी. दिवसा मी असून एकटी. मला खोलीत कसलाही आवाज येत नव्हता आणि मला वाटायचं, किती शहाणी बायको मिळाली.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी अप्पा स्वतःचं गोणपाट भिजवायला उठले. त्यांच्याकडे पाणी मारणारं कुणी नव्हतं, म्हणून दिवसातून दोनदा ते उठायचे. नळावर काशी होती. घागरीत पाणी पडताना आवाज होऊ नये म्हणून घागर तिरपी धरून भरत होती. दोन्ही हातांच्या बांगड्यांना तिनं चिंध्या गुंडाळल्या होत्या. एकमेकींवर वाजू नयेत म्हणून.

हे सगळं मला काशीनं नंतर सांगितलं. अप्पा चिंध्यांकडे बघत उभेच राहिले. मग म्हणाले, "तंगी, हे कुणी सांगितलं तुला?" कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात.

"कुणी न्हाई. ते झोपल्यात."

ती कुजबुजत बोलली. नळ माझ्या दारापासून चांगला लांब, तरी कुजबुजत. अप्पा म्हणाले, हितं कोण झोपलंय, मोठ्यानं बोल की. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की तिचा मोठा आवाज निघतच नाही. आणि तिला रडू फुटलं. तेही हळू. रडता रडता म्हणाली, "सोमवारी माझा भाऊ यायलाय. मी जायले अप्पा. आन् परत यायची न्हाई. हितं मी दिवसा मुकी आन् राती एकली. गावात मेंढरंसुदीक बोलत व्हती माझ्यासंगं."

मला जाग आली ती उजेडानं. डोळ्यांवर एकदम पांढरं ऊन आलं. अप्पांनी माझ्या दारावरचं गोणपाट खिळ्यांसकट ओढून काढलं होतं. रातपाळीच्या माणसाला उठवू नये म्हणून जो माणूस चाळीशी भांडला, तो मला दंडाला धरून हलवत होता.

"ऊठ."

"अप्पा, येड लागलंय का? आत्ता तर डोळा लागला."

"तुझी बायको सोमवारी जायली."

"कुठं?"

"म्हाईरी. भाऊ न्यायला यायलाय. कायमची जायली. तुला म्हाईत हाय का?"

"तिनं सांगितलं न्हाई."

"कवा सांगावं? तुझ्या घोरण्याला सांगावं का?"

मी उठून बसलो. डोकं दगड झालं होतं. अप्पा म्हणाले, आजपासून झोपेचे दोन तुकडे कर. सकाळी आल्या आल्या झोप, दुपारी ऊठ, दोन तास तिच्याजवळ बस, तिच्यासंगं जेव, मग सांजेपर्यंत पुन्हा झोप. मला राग आला. मी म्हणालो, "तुमीच म्हणत होता ना झोप मोडू नको म्हणून? साच्यात हात गेल्यावर दुसरा कोण देणार? तुमचं बरं हाय अप्पा. घरी इचारायला कोण हाय तुम्हांला?"

हे मी बोललो. आजही ते वाक्य मला परत घेता आलेलं नाही.

अप्पा रागावले नाहीत. गोणपाट हातात धरून खाली बसले. म्हणाले, "व्हती की. गौरव्वा." त्यांच्या बायकोचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"ती बी बांगड्यांला चिंध्या बांधायची. मी सांगितलं नव्हतं, आन् मी बघितलं बी नव्हतं. झोपलेल्याला काय दिसतंय? शेवटची आंघोळ घालताना बायकांनी सोडल्या, तवा दिसल्या मला. पटकी झाली तिला. सकाळी मी येऊन पडल्यावर सुरू झालं असंल. मी हितं, ती मोरीपाशी, मधी चार हात जागा. मला उठवलं न्हाई तिनं. रातच्याला कामावर जायचं हाय म्हणून. शेजारणी म्हणाल्या, दारात गोणपाट व्हतं म्हणून आम्ही आलो न्हाई."

हातातलं गोणपाट त्यांनी चाचपून बघितलं.

"घटकेघटकेला पाणी मारायची ती गोणपाटावर. मला जाग आली ती उकाड्यानं. बघतो तर गोणपाट वाळलेलं. कडक झालेलं, तम्मा."

मग उठले. दारात थांबून एवढंच म्हणाले, "मी राती कामाला कामून जातो, इचारतेत सगळे. त्या खोलीत राती एकल्यानं कुणी झोपावं?" गोणपाट त्यांनी बगलेत मारलं आणि गेले.

काशी भिंतीच्या सावलीत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. मग मी तिच्या हातावरच्या चिंध्या सोडायला लागलो. गाठी बारीक होत्या, माझ्या सूत सांधणाऱ्या बोटांनाही सुटेनात. ती म्हणाली, "दातानं सोडा." मी दातानं सोडल्या.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी उठायला लागलो. पहिले काही दिवस डोळ्यांत वाळू घातल्यासारखं व्हायचं. त्या दोन तासांत काशी गोड बोलली असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. ती भांडली. वर्षभराचं साठलेलं सगळं तिनं काढलं. माझ्या आईचं काढलं, गुलबर्ग्याच्या पाण्याचं काढलं, माझ्या घोरण्याचं तर रोज काढलं. आवाज दिवसेंदिवस चढत गेला. शेजारीण डोकावून म्हणाली, "अगं, गोणपाटाच्या घरात एवढा कालवा?" काशी म्हणाली, "गोणपाट गेलं की आता, ऐका तुमी बी."

सोमवारी मेव्हणा आला. मी दुपारी जागा, त्याच्यासोबत जेवायला बसलेलो. जेवण झालं, तो म्हणाला, "चल काशे, बांध गठुडं." काशी ताटं उचलत होती. मोरीकडं तोंड करूनच म्हणाली, "तू जा अण्णा. माझं ह्यांच्यासंगं भांडण अजून सरलं न्हाई."

ते भांडण सरलं नाही. आणखी सहा वर्षं मी रातपाळी केली, पुढे दिवसपाळी मिळाली, पुढे मुलंबाळं झाली, पण सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही दोघं समोरासमोर बसायचोच. गिरणीतली नोकरी संपल्यावर तर रोज.

अप्पा मात्र त्या दिवसानंतर आमच्या घरी कधी आले नाहीत. काशी बोलवायची, "अप्पा, दुपारी भाकर खायला या." ते म्हणायचे, "दुपारी मी झोपतो, तंगी." गिरणीत ते पूर्वीसारखेच बोलत. फक्त नवीन बदलीवाला आला की आधी विचारत, "लगीन झालंय का?" झालं असेल तर गोणपाटाचा शब्द काढत नसत.

भाषावार राज्यं होऊन आमचा जिल्हा म्हैसूरला जोडला त्या सुमाराला त्यांचे डोळे गेले. पूर्ण नाही, पण तुटलेला धागा दिसेना. त्यांना दिवसा फाटकाजवळ बसायचं काम देऊ केलं. त्यांनी ते घेतलं नाही. मन्नाएखेळ्ळीला त्यांची बहीण होती, तिच्याकडे जायचं ठरवलं. मी मोटारीवर पोचवायला गेलो. एक वळकटी आणि विभूतीची पिशवी, एवढंच सामान. मोटार सुरू झाल्यावर खिडकीतून म्हणाले, "तिथं राती सगळे झोपत्यात, तम्मा. मी काय करू?" मी नुसता हात वर केला.

पुढच्या थंडीत निरोप आला, की अप्पा गेले. उशिरा आला, सगळं उरकल्यावर. मी जाऊन बहिणीला भेटलो. ती म्हणाली, "रातभर गोठ्यात बसायचा, बैलांसंगं हळूहळू बोलत. आम्ही म्हणायचो, मोठ्यानं बोल, कोण उठतंय? तर म्हणायचा, झोपलेत सगळे." तिनं मला पाणी दिलं, मी पिऊन परत निघालो. त्या रात्री माझी पाळी होती.

गेल्या पौषात काशी गेली. मी जागा होतो, तिचा हात माझ्या हातात होता. तेवढं अप्पांमुळं झालं. आता येणारे-जाणारे विचारतात, बाबा, रात्र कशी काढता? रात्रीचं मला काही नाही. रात्र मला शिकवलेली आहे. तीन वाजता जे मनात येतं ते मी खरं धरत नाही, उठून तोंडावर पाणी मारतो. उजाडतं, भाकरी होते, सून वाढून कामाला जाते, आणि मग दुपार होते.

दुपार कशी काढायची, ते अप्पांनी मला शिकवलं नाही. ते त्या वेळी झोपलेले असायचे.