गिऱ्हाईक आलंय!

आमच्या जाऊबाईंना बसता येत नाही. हा टोमणा नाही. टोमणे मारताना मी अशी आडून सुरुवात करत नाही. त्यांना खरंच बसता येत नाही. जेवायला बसल्या तरी अर्ध्या खुर्चीवर, एक पाय दाराकडे वळवलेला. कोणी हाक मारायच्या आत उभ्या.

बाजारात कापडाचं एक मोठं दुकान आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर पडदे आणि चादरी मिळतात. जाऊबाई तिथे लग्नाआधीपासून आहेत. दिवसभर लांबलचक काउंटरमागे उभं राहायचं, गठ्ठा सोडायचा, कापड फर्रकन पसरायचं, गिऱ्हाईक नाक मुरडून गेलं की घडी घालायची आणि पुन्हा पसरायचं. तिथे एक स्टूल आहे. ते वरच्या फळीवरचे गठ्ठे काढायला ठेवलंय. त्यावर चढायचं, बसायचं नाही. मालकांचं एक वाक्य आहे, ते प्रत्येक नव्या मुलीला पहिल्याच दिवशी ऐकवतात, "बसलेली बाई दिसली की गिऱ्हाईकाला वाटतं दुकान बंद आहे."

हे वाक्य जाऊबाईंच्या हाडात मुरलं. इतकं, की घरी दुपारी डोळा लागलेला असताना कोणी "गिऱ्हाईक!" म्हटलं तर ताडकन उभ्या राहायच्या आणि दोन्ही हात पुढे करून विचारायच्या, "काय दाखवू?" आमच्या घरातला हा सगळ्यात जुना विनोद. मी सून म्हणून आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात भावजींनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी, मला तो करून दाखवला होता. सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. "मेल्यावरही कोणी गिऱ्हाईक म्हणालं तर ही उठून बसेल," म्हणायच्या. जाऊबाईसुद्धा हसायच्या. हसणार नाही तर काय करणार? चहाचं आधण ठेवायला उठावंच लागायचं, मग उठल्यासारखं हसूनही घ्यायचं.

माझा प्रश्न उलटा. मी गीझरच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेते, खुर्चीतून उठायची सोय नाही. दिवसभर लोकांचं ऐकून घेण्याचा मला पगार मिळतो. म्हणून घरी मी फुकटात कोणाचं ऐकून घेत नाही.

तर जाऊबाईंचे पाय. पोटऱ्यांवर हिरव्यानिळ्या शिरा उठल्या होत्या, संध्याकाळी घोटे दिसेनासे व्हायचे. शेवटी मीच त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "बसून करता येईल असं काम बघा." जाऊबाई म्हणाल्या, "हे तुम्ही आमच्या मालकांना सांगा." डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा टाकला. मग म्हणाल्या, निदान रोज संध्याकाळी घरी योगासनं करा, सोपी, नवशिक्यांची. पाय भिंतीला वर लावून पडा. शेवटी शवासन करा. आणि ते चुकवू नका, बाकी सगळं चुकलं तरी चालेल. असंच दुर्लक्ष केलंत तर या पायांवर उभं राहणंही जमणार नाही.

घरी येताना जाऊबाई रस्त्यात थांबल्या. "म्हणजे औषध काय, तर आडवं पडायचं?"

"हो."

"आमच्या घरात? माझा विनोद होईल."

"आधीच झालाय," मी म्हटलं. त्यांची पावलं भराभर पडू लागली. पायांना सूज असताना.

पुतणीने, म्हणजे त्यांच्या मुलीने, मोबाईलवर एक बाई शोधून दिली. मधासारख्या आवाजाची, मोकळ्या हॉलमध्ये एकटीच चटईवर बसलेली. त्या हॉलमध्ये आमचं अख्खं घर दोनदा मावलं असतं. आमच्याकडे आडवं पडण्याइतकी जमीन एकाच ठिकाणी होती, बाहेरच्या खोलीत, सोफा आणि कपाटाच्या मधली. तीच स्वयंपाकघराची वाट, तीच मोरीची वाट, आणि टीव्हीसुद्धा तिथूनच दिसायचा. जाऊबाईंनी जुनी चादर चौपदरी घालून अंथरली. अशी नेटकी, की चारही टोकं एकावर एक.

पहिल्या दिवशी सगळं घर प्रेक्षक. मोबाईलवरची बाई म्हणाली, कमरेतून पुढे वाका, हात जमिनीकडे जाऊ द्या. जाऊबाई वाकल्या आणि एका ठिकाणी थांबल्या. पुढे जाईनात. पाठ सपाट, हात समोर पसरलेले, बोटं हवेत काहीतरी सारखं करतायत. मला हसू आवरेना. ती बरोबर काउंटरची उंची होती! इतकी वर्षं त्या तेवढ्याच वाकत आल्या होत्या, आणि त्यांच्या कमरेला वाटत होतं की याच्याखाली जगच नाही.

"ही फरशी वर आली आहे बहुतेक," जाऊबाई धापा टाकत म्हणाल्या.

"नाचता येईना अंगण वाकडं," सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या.

भावजींनी टीव्हीचा आवाज वाढवला. "हे आता या वयात? दुकानात दिवसभर व्यायामच होतो की तुझा."

शेवटी शवासन आलं. बाई म्हणाली, शरीर सैल सोडा. जाऊबाई उताण्या पडल्या, डोळे मिटले. सैल कसलं, त्या झोपूनसुद्धा उभ्याच होत्या. टाचा जुळलेल्या, हनुवटी वर. पण हळूहळू एक खांदा खाली टेकला. मग दुसरा. कपाळावरची आठी गेली. मला इतका बरा वाटला तो चेहरा, की मी श्वास रोखून बघत राहिले.

"अगं, गिऱ्हाईक आलंय!" भावजी ओरडले.

जाऊबाई एका झटक्यात उभ्या. "काय दाखवू?" आणि पोटरीत असा गोळा आला, की कपाट धरून तशाच खाली बसल्या. सगळे हसले. भावजी तर डोळे पुसत होते. पुतणी हसली नाही, मी हसले नाही. जाऊबाई पोटरी चोळत होत्या आणि त्या हसण्याकडे बघत होत्या. या वेळी त्या त्यात सामील झाल्या नाहीत. मला वाटलं, झालं, उद्यापासून चादर कपाटात जाणार.

मी त्यांना ओळखलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या दुकानातून एक बोचकं घेऊन आल्या. त्यात पडद्याचं कापड होतं, पोपटी रंगावर जांभळी कलिंगडं. जगात कोणीही विकत घेणार नाही असं. वर्षानुवर्षं फळीवर पडून होतं, मालकांनी फुकट देऊन टाकलं. सोबत एक दांडी आणि कड्या. जाऊबाई स्टुलावर चढल्या, कपाटाच्या कडेपासून समोरच्या भिंतीपर्यंत दांडी ठोकली, पडदा चढवला. असा सरळ, की खाली फरशीपासून बोटभर अंतर, कुठेही कमी-जास्त नाही.

"हे काय?" भावजी.

"पडदा."

"ते दिसतंय. नाटक कधी सुरू होणार?"

"नाटक बंद करायलाच लावलाय," जाऊबाई म्हणाल्या, आणि आत जाऊन पडदा ओढून घेतला.

तेव्हापासून घरात युद्ध सुरू झालं. उघड कोणी काही बोलेना, पण नेमकं त्याच वेळी प्रत्येकाला मोरीत जायचं असे. भावजींचा चष्मा नेहमी पडद्याच्या आतल्या बाजूला राहिलेला असे. सासूबाईंना सायंकाळभर सुचलं नाही ते पडदा ओढल्याबरोबर सुचे. "अगं, ती डाळ कुठे ठेवलीस? अगं, पाणी गेलं की काय नळाचं?" आणि दिवसातून एकदा ठरलेला बाण, "गिऱ्हाईक आलंय!" आतून धडपडल्याचा आवाज येई. पडद्याच्या खालच्या बोटभर फटीतून मला दोन पावलं उभी राहिलेली दिसत. मग थोडं थांबून ती पावलं पुन्हा आडवी होत. जाऊबाई उठायच्या आणि परत झोपायच्या. उठायच्या, परत झोपायच्या.

एकदा मी चिडून भावजींना म्हटलं, "पुरे आता. त्यांचे पाय बघितलेत का कधी?"

"अगं, गंमत करतोय. तिला राग येत नाही."

"विचारलंत?"

ते टीव्हीकडे बघू लागले. मनाने वाईट नाहीत आमचे भावजी, बायकोसाठी भर उन्हात सायकलवरून औषध आणतील. पण ती घरात असताना आपला चहा आपण करायचा, हे त्यांना माहीतच नव्हतं. कोणी शिकवलं नाही, आणि शिकायची वेळ आम्ही त्यांच्यावर येऊ दिली नाही.

जाऊबाई मात्र सुधारत होत्या. कंबर काउंटरखाली उतरली. आधी गुडघे, मग नडगी. एकदा भाजी चिरताना मला हळूच म्हणाल्या, "काल बोटं फरशीला लागली." आणि कोणी चोरी पकडल्यासारखं इकडेतिकडे बघून घेतलं. उठण्याचाही वेग कमी झाला होता. गिऱ्हाईक म्हटल्यावर आता नुसते पायाचे अंगठे उडत. पुढे पुढे एकच अंगठा.

"त्या शब्दाला मी आतून म्हणते, थांब," त्या मला म्हणाल्या. "इतकी वर्षं सगळ्यांना 'या, बसा' म्हणाले. आता एकदा 'थांबा' म्हणून बघते."

आणि मग सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी, न सांगता, भावजींचे थोरले चुलतभाऊ सहकुटुंब आले. हे गृहस्थ मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेत आणि अजून निवृत्त व्हायला तयार नाहीत. त्यांच्यासमोर भावजींचा शर्टसुद्धा ताठ उभा राहतो. जाऊबाई नुकत्याच पडद्याआड जाऊन आडव्या झाल्या होत्या. पाहुणे सोफ्यावर बसले, बरोबर त्या कलिंगडांसमोर.

"आमच्या जाऊबाई कुठे आहेत?" थोरल्या वहिनींनी विचारलं.

"आहे की, आतच आहे," भावजी म्हणाले. मग पडद्याकडे तोंड करून, "अगं, दादा-वहिनी आलेत. चहा टाक बघू."

पडदा हलला नाही.

"अगं, ऐकलंस का?"

काही नाही. थोरल्या दादांनी घड्याळाकडे पाहिलं. भावजींचे कान लाल झाले. आता त्यांनी हुकमी पान काढलं. पाहुण्यांकडे बघून डोळा मिचकावला, "गंमत बघा हं," म्हणाले आणि घर दणाणेल असे ओरडले, "गिऱ्हाईक आलंय!"

आम्ही सगळे पडद्याखालच्या फटीकडे बघत होतो. एकही अंगठा हलला नाही.

"गिऱ्हाईक!" भावजी पुन्हा म्हणाले. या वेळी आवाज जरा चिरकला.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "अरे, ती उठली कशी नाही? गिऱ्हाईक म्हटलं तरी उठली नाही?" त्यांनीच इतकी वर्षं केलेला विनोद त्यांना आता आठवला असणार. "अरे बघ रे! लवकर बघ!"

भावजींनी पडदा बाजूला केला. जाऊबाई चादरीवर उताण्या, तळहात वर, तोंड किंचित उघडं. थोरल्या वहिनींनी "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला. भावजी गुडघ्यांवर बसले. माणसाच्या आवाजातली सगळी ऐट एका क्षणात कशी जाते, ते मी तेव्हा पाहिलं. "अगं," ते म्हणाले. "ए... अगं, गिऱ्हाईक आलंय ना. ऊठ ना." हात जोडल्यासारखं म्हणाले.

जाऊबाईंनी डोळे उघडले नाहीत. फक्त ओठ हलले.

"दुकान बंद आहे," त्या म्हणाल्या. "पडदा सोडा."

भावजींनी पडदा सोडला. दुसरं काही त्यांना सुचलंच नाही. सासूबाई मटकन सोफ्यावर बसल्या. थोरले दादा खाकरले.

आणि मग, हे मला आधीच कळायला हवं होतं, एकेक करून सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. थोरल्या वहिनींची, सासूबाईंची, भावजींची. कोपऱ्यात बसलेल्या माझ्या नवऱ्याने तर वर्तमानपत्राच्या वरून भुवया उडवून स्वयंपाकघर दाखवलंसुद्धा. एक दुकान बंद झालं की गिऱ्हाईक शेजारच्यात शिरतं, तसं.

मी उठले. सगळ्यांना हायसं वाटलं. स्वयंपाकघराच्या दिशेने चार पावलं टाकली, पडद्यापाशी आले, तो उचलला आणि आत गेले.

"सरका जरा," मी म्हटलं.

जाऊबाई डोळे न उघडता भिंतीकडे सरकल्या. मी त्यांच्या शेजारी आडवी झाले. फरशी गार होती. बाजूला त्यांचा श्वास चालला होता, सावकाश, कोणाचीही घाई नसलेला.

थोड्या वेळाने कोणीतरी पडद्याच्या कडेने अंग चोरून पलीकडे गेलं. मग स्वयंपाकघरात एक डबा उघडल्याचा आवाज आला. मग दुसरा. काहीतरी सांडलं. शेवटी भावजी पडद्याच्या पलीकडे येऊन उभे राहिले. फटीतून त्यांची पावलं दिसत होती, एकावर एक ठेवलेली.

"अगं," त्यांनी हळूच विचारलं, "चहाची पावडर कुठे असते?"

मी तोंड उघडलं. जाऊबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"शवासनात बोलायचं नसतं," त्या कुजबुजल्या.