डाव्या बाजूचं आतलं चाक

१७ जानेवारी, पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटं. वाशीमला आमच्या वांग्यांच्या वावराशेजारी उभ्या गाडीच्या मागच्या चाकांपाशी मी तोंडात टॉर्च धरून बसलो होतो. पाच चाकांची हवा मोजून झाली होती. पुढच्या दोन्हींत पन्नास, मागच्यांत पंचावन्न. दाराजवळच्या पट्टीवर लिहिलीय तेवढीच. मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन चाकं लागून आहेत; सहावं म्हणजे डाव्या जोडीतलं आतलं. तिथं मीटर पोचेना. पाच बरोबर आहेत म्हणजे सहावंही असेल, असं धरून मी उठलो. ते चुकलंच.

गाडी म्हणजे शाळेची मुलं नेणारी जुनी ट्रॅव्हलर. नववीनंतर शाळा सोडून मी वेल्डिंग शिकलो, म्हणून आतला पलंग, गॅसचा ओटा, शंभर लिटरची पाण्याची टाकी मीच बसवली. मोटरहोम म्हणतात तसं. केलं ते आईसाठी. कमरेच्या ऑपरेशननंतर तिला बसून प्रवास होत नाही. किन्हीराजाला तिची सख्खी बहीण आहे, तिच्याकडे ती तीन वर्षांत गेली नव्हती. निघताना तिनं अट घातली, की रस्त्यात काही झालं तर पुन्हा तिला कुठं चल म्हणायचं नाही. तिचा पलंग नेमका डाव्या मागच्या चाकांवर आहे.

पहिला थांबा शिरपूर जैन. सकाळी लवकर पोचलात तर मोठी गाडी लावायला त्रास होत नाही. जुनं देऊळ मी पाहून आलो. आईनं खिडकीतूनच हात जोडले आणि कोण कुठल्या गावाहून आलंय ते बसवाल्यांना विचारत राहिली. गरम आलुबोंडे गाडीतच खाल्ले.

मालेगावात चहाला थांबलो तेव्हा ऊन चढलं होतं. सवयीनं मीटर लावलं, तर मागची चाकं एकसष्ट. टायर फुटेल या भीतीनं एकेकाची हवा सोडून मी सगळी पुन्हा पंचावन्नावर आणली. वाटलं, बरं झालं पाहिलं.

किन्हीराजाला मावशीनं आईला अंगणातच धरून ठेवलं. त्या दोघी संध्याकाळपर्यंत काय बोलल्या ते मला माहीत नाही, कारण मी गाडीत सामान चढवत होतो. गाडी रिकामी परत पाठवायची नाही, हा आमच्याकडचा नियम. गव्हाचं पोतं, तुरीची डाळ, कोबी, कांदे. "एवढं मोठं घर घेऊन आला, अन् एक पोतं तुले जड होते काय रे?" मावशी म्हणाली.

रात्री तिथंच राहिलो. सकाळी थंडीत मीटर लावलं. मागची चाकं एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास. वर दोन क्विंटलचं ओझं. तीनदा मोजलं तरी तेच. एक पोतं ठेवून जाऊ का विचारलं, तर मावशीचा चेहरा उतरला. हवा भरायला जवळ काही नव्हतं, मग टाकीतलं पाणी सोडून दिलं, पोती पुढे सरकवली आणि चाकांत हवा कमी आहे हे आईला खरं सांगितलं.

"म्हून मी येत नव्हती," एवढंच ती बोलली.

शेलूबाजारपर्यंत वेगाचा काटा तीसच्या वर नेला नाही. मागून जीपवाले हॉर्न देऊन शिव्या घालत पुढे जात होते. चौकाच्या अलीकडे रशीदभाईंचं टायरचं दुकान लागलं. वय साठीचं, हातात टायर काढायची लोखंडी टॉमी. मी हवा काढल्याचं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"ताप आला म्हून माणसाचं रगत काढता काय भाऊ? गाडी चालली का टायर तापते, हवा वाढते. मोजाची ते सकाळी, थंड्या टायरची."

मग ते एकेका चाकावर टॉमी ठोकत निघाले. आई हळूहळू खाली उतरून, दाराला धरून ऐकत होती. डाव्या जोडीशी तिनं हात वर केला.

"भाऊ, थांबा. हे आतलं बद्द वाजून राह्यलं."

रशीदभाईंनी पुन्हा ठोकलं. बाहेरचं टणटणीत, आतलं बद्द. "माय, तुमी हे काम कुठं शिकल्या?"

"टरबुजाच्या वाडीत," आई म्हणाली. "तीस वर्सं ठोकूनच तोडले."

बाहेरचं चाक उतरवून मोजलं तर आतल्यात फक्त तीस. व्हॉल्व्हमधून बारीक गळत होतं. शेजारचं चाक सगळं ओझं एकटंच उचलत होतं, म्हणून बाहेरून काही दिसत नव्हतं. रशीदभाईंनी व्हॉल्व्ह बदलला, मागच्या चारही चाकांत हवा भरली आणि आतल्या व्हॉल्व्हला एक लांब नळी जोडली, तिच्यामुळे आता बाहेरूनच मोजता येतं. जोडीची चाकं असतील तर ही नळी आधी बसवून घ्या. आणि ठोकून फक्त संशय कळतो. आकडा मीटरच सांगतं.

आई मंगरुळपीरपर्यंत झोपली नाही. रशीदभाई उरलेल्या चाकांना किती वेळा ठोकतात, रबर जुनं झालं की आवाज बदलतो का, असं विचारत होती. दुपारी तीनला घरी पोचलो. दुसऱ्या सकाळी, चाकं थंड असताना, सहाही मोजली. सहाही बरोबर.

खर्च: डिझेल १६०० रुपये, नाश्ता-चहा १४०, टायरचं काम ३८०. त्यातले तीनशे रोख दिले. सुटे नव्हते, नेटवर्कही नव्हतं, म्हणून ऐंशी द्यायचे राहिले. ते काल फोनवरून पाठवायला बसलो, तर आईनं फोन हातातून काढून घेतला.

"फोनवर काहून पाठवतं? जाऊन देऊ ना."

देणं: ऐंशी रुपये.