वहिनीनं मला कानात सांगितलेला शब्द

वहिनी गेल्याची दादाची तार आली, तेव्हा मी नागपुरात शेजारणींना कसलासा किस्सा रंगवून सांगत होते. किस्से सांगणं हा माझा जुना रोग. सगळ्या खानदानाचे सांगून झाले, वहिनीचा एक मात्र कधीच सांगितला नाही... कारण त्यात हसू माझं होतं आणि हाल तिचे.

सत्तावन-अठ्ठावनची गोष्ट. आम्ही बालाघाटला राहायचो. मी नुकतीच मॅट्रिक झालेली, म्हणजे जगातलं सगळं मला कळायचं! वहिनी रामपायलीची, अबोल. तिला सातवा महिना होता, आणि ती तांदूळसुद्धा उभ्यानं निवडायची. आई म्हणायची, "बसून निवड ना वं!" मी म्हणायची, "राणीसाहेबांले पाट टोचते." एका दुपारी न्हाणीमागे तिनं माझा हात धरला, कानाशी वाकली. "बाई, कोणाले सांगू नका... मले मोड आले." मोड मला मटकीचेच ठाऊक. गर्भारपणात मूळव्याध होते, तिलाही मोडच म्हणतात, हे मॅट्रिकच्या पुस्तकात कुठं होतं? संध्याकाळी बाबा आणि दादा जेवायला बसले तशी मी मोठ्यानं म्हणाले, "दादा, उद्या उसळ! वहिनीले मोड आले!" दादाचा घास हातातच राहिला. बाबा ताटावरून उठले. वहिनी वरणाचं भांडं धरून तशीच उभी... मग आईनं चुलीपाशी मला अर्थ सांगितला, तर मी काय म्हणावं? "मंग तिनं नीट सांगाचं ना!"

त्यानंतर वहिनीनं कुणालाच काही सांगितलं नाही. शौचाची भीती, म्हणून जेवण अर्ध्यावर आणलं, पाणी घोटभर. दुखणं त्यानंच वाढलं. आठवड्यानं ती विहिरीवर भोवळ येऊन पडली. दवाखान्यात नर्सबाईंनी विचारलं, "क्या तकलीफ है?" वहिनीनं पदर तोंडावर ओढला, आई दाराकडे बघू लागली. शेवटी मीच मान खाली घालून म्हणाले, "बवासीर."

"तो शरमाना कैसा? पेट में बच्चे का बोझ है, बहुतों को होता है. पर इसको भूखा किसने रखा?"

पाणी भरपूर प्या, पालेभाजी आणि सालाची डाळ खा, कुंथू नका, एका जागी फार वेळ बसू किंवा उभं राहू नका, डाव्या कुशीवर झोपा, कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसा, रक्त गेलं तर लगेच दाखवा, असं बाईंनी समजावलं. पहिल्यापासून असं केलं असतं तर इतकं झालंच नसतं, हेही ऐकवलं. मग घमेल्यात रोज कोमट पाणी मी काढून द्यायची, भाजी मी निवडायची. पंधरा दिवसांनी वहिनी पाटावर टेकली. बाळंतपणही सुखरूप झालं. "चुकलं माझं" एवढं मात्र या बडबड्या तोंडातून कधी निघालं नाही. रोज वाटायचं, उद्या म्हणू... आता तार आली.

वहिनी मात्र पुढे मोहल्ल्यातल्या गर्भार पोरींची हक्काची काकू झाली. त्या मागच्या दारानं यायच्या, ती प्रत्येकीच्या कानाशी वाकून विचारायची, "पाणी पितेस ना? भाजी खातेस ना?" तार मिळाली तशी मी बालाघाटला आले. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी त्याच मागच्या दारात एक गर्भार पोर उभी. लामत्याला माहेरी होती, वहिनी गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं.

"काकू नाहीत?"

"गेली वं... मी नणंद तिची. मले सांग."

तिनं मला खालवर पाहिलं. "तुम्ही कोणाले सांगणार नाही ना?"

माझ्या तोंडून "नाही" निघायला इतका वेळ लागला, की ती पायरी उतरून गेली. मी अनवाणीच तिच्यामागे धावले...