जिनदासच्या गाठी

जिनदास नेहमी पांढराच सदरा घालायचा. टोमॅटो घेताना बघायचा नाही, अंगठ्याने दाबायचा. जुना सेल जिभेला लावून त्यात जीव आहे का ते सांगायचा. उघडलेल्या रेडिओतल्या तारांना शिवणाच्या दोऱ्याच्या गाठी मारायचा. एकीला एक, दुसरीला दोन. सूर्य मावळायच्या आत जेवायचा. आणि आपला सोल्डरिंग आयर्न कुणाला हातात देत नसे.

हे सगळं मी चार वर्षं रोज पाहिलं. एम. ए. मराठी होऊन नोकरी नव्हती; तो मला 'एमे'च म्हणायचा. त्याच्या रेडिओच्या टपरीत बसायला मला वेळच वेळ होता. मला माणसं ओळखता येतात, असा माझा समज होता.

टपरी वाशीमच्या एस. टी. स्टँडसमोर. खरं तर त्याने वडिलांच्या, खेमचंदशेठच्या, कापडदुकानात बसायचं. पण तिथे त्याने एका लग्नघराला लाल शालूऐवजी हिरवा बांधून दिला. पोराचं ध्यान नाही, असं गाव म्हणालं. टेलिफोन खात्याच्या लाइनमनच्या भरतीतही तो नापास झाला. कशात, ते सांगत नसे.

१९७८च्या पोळ्याला शेठजी टपरीवर आले.

"दसऱ्यापर्यंत एखाद्या कंपनीचं पक्कं काम आण. नाही त हे डबडं बंद. गादीवर बसायचं, साड्या दाखवायच्या."

"बाबूजी, साड्या नाई जमत मले."

"काहून? साडी काय करंट मारते का?"

जिनदास उघड्या रेडिओवर वाकला. त्याचा चेहरा पार उतरला होता. कापडाला एवढं काय भ्यायचं, ते मला कळेना.

दसरा आठवड्यावर आला. तेव्हा तेलबिया खरेदीच्या एका कंपनीने इथल्या कचेरीत नागपूरहून एक जुनं यंत्र आणलं. दिसायला मोठ्या टाइपरायटरसारखं. फोनशेजारी एक डबा ठेवला होता, त्याला मोडेम म्हणायचे. यंत्रावर टाइप केलेले आकडे तो डबा फोनच्या तारेवरून नागपूरच्या कॉम्प्युटरला पोचवणार होता. यंत्र पुढच्या खोलीत, फोन मागच्या. मधे भिंतीतल्या नळीतून पंचवीस तारांची केबल. नागपूरचे इंजिनिअर इंद्रभान यांनी ती दोन दिवस जोडली, सोडली, पुन्हा जोडली. यंत्र मुकंच. तिसऱ्या दुपारी त्यांचा सोल्डरिंग आयर्न जळाला आणि ते टपरीवर आले.

"आयर्न देत नाई," जिनदास म्हणाला. "मीच येतो."

"तुम्हाला मोडेम माहीत आहे?"

"नाई. तार माहीत हाय."

कचेरीत इंद्रभानांनी तारांच्या जोडणीचा तक्ता पुढे केला. "दोन नंबरची पिन पाठवते, तीन नंबरची घेते. लाल तार दोनला, हिरवी तीनला. दोन्ही टोकांना असंच केलंय."

जिनदासने तक्ता बाजूला ठेवला. दोन्ही टोकांच्या सगळ्या तारा सोडवल्या.

"अहो, काय करून राहिले! सहाला जीप येते. तोवर चालू झालं नाही तर यंत्र परत जाईल."

"सहाले लय वेळ हाय."

त्याने मला सेल देऊन फोनजवळ बसवलं. स्वतः टॉर्चचा बल्ब घेऊन यंत्राजवळ बसला. दोघांमध्ये जमिनीवरून एक सुटी तार टाकली. मी केबलच्या एका तारेला सेल लावायचो. तो आपल्याकडच्या तारा एकेक करून बल्बला लावायचा. बल्ब पेटला की त्या तारेच्या दोन्ही टोकांना सारख्या गाठी.

"एमे, झोपला का? पुढची लाव!"

"लावली."

"घट्ट धर. कविता नोय ते."

नवव्या तारेला तो उठून माझ्याकडे आला आणि तार बोटांनी चोळून पाहिली.

"साहेब, तुमच्या केबलले मधात जोड हाय. तिकडची तार कडक, इकडची नरम."

केबल नळीतून ओढून काढली. मधे काळी पट्टी गुंडाळलेली. पट्टीखाली कुणीतरी दोन तुकडे जोडले होते, आणि अलीकडची लाल पलीकडच्या हिरवीला. म्हणजे दोन नंबरची तार पलीकडे तीनला निघत होती; इंद्रभानांनी तक्ता घडी घालून खिशात टाकला.

जिनदासने उरलेल्या तारांनाही गाठी मारल्या, मग गाठी मोजून तारा पिनांना जोडल्या. पावणेसहाला नागपूरला फोन लागला. मोडेमवरचा दिवा पेटला. मग यंत्र खडखडलं आणि कुणी हात न लावता कागदावर अक्षरं उमटली. कचेरीचे मॅनेजर खुर्चीवर चढून ओरडले. शिपायाने पेढे आणले तोवर दिवस बुडाला होता. जिनदासने पेढा खिशात ठेवला.

इंद्रभान म्हणाले, "आठ गावांत अशीच जुनी यंत्रं जोडायची आहेत. कंपनीत येता? पक्की नोकरी."

जिनदासने हातातला आयर्न खाली ठेवला.

"साहेब, आधी आयका. मले लाल अन् हिरवं एकच दिसते. मातीवानी. टेलिफोनवाल्यायनं त्याच्याच पायी वापस पाठवलं."

मी थक्क झालो. शालू, टोमॅटो, पांढरे सदरे, गाठी. चार वर्षं सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं.

इंद्रभान हसले. "मला तीन दिवस दोन्ही रंग स्वच्छ दिसत होते. काय उपयोग झाला? परवा सकाळी जीप येईल. तयार राहा."

खेमचंदशेठने त्याच रात्री ही बातमी सगळ्या बाजाराला सांगितली. शालूची गोष्टही स्वतःच सांगितली, हसत.

तिसऱ्या दिवशी सकाळी जीप आली तेव्हा जिनदासच्या पुढ्यात माझा ट्रान्झिस्टर उघडा होता.

"दोन मिनटाचं काम हाय, एमे," तो म्हणाला. जीपने भोंगा वाजवला.

ट्रान्झिस्टर अजून तसाच माझ्या फळीवर आहे. स्पीकरच्या एका तारेला एक गाठ आहे. दुसरीला दोऱ्याचा नुसता वेढा आहे, गाठ मारायची राहिली.